'चि. सौ. कां.'चा अनुस्वार आणि पॉपलरचे आठ महिने

आमचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिकेची ऑर्डर देतानाच गिऱ्हाईक विचारतं, "व्हॉट्सॲपला टाकायला फोटो मिळेल ना?" छपाईची पीडीएफ असतेच, एका फुकट वेबसाइटवर इमेज करून द्यायचो. एकदा मुलीच्या वडिलांनी मोबाइल झूम करून पुढे धरला. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार शिरोरेघेत विरघळला होता, आणि 'श्री'चा नुसता डाग.

ए-फाइव्ह पत्रिका, इमेज 420 बाय 595 पिक्सेल. म्हणजे 72 डीपीआय, इंचाला 72 ठिपके. आधी मी ती फोटोशॉपमध्ये मोठी केली. डाग मोठा झाला, बाकी काही नाही! पीडीएफमध्ये अक्षरं बाह्यरेषांच्या रूपात असतात, इमेज होतानाच त्यांचे पिक्सेल पडतात. एकदा कमी पडले की गेले.

तेव्हापासून पॉपलर या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमधलं पीडीएफटूपीपीएम वापरतोय, ते पीडीएफच्या पानाची इमेज करून देतं. फुकट आहे. आकडा दिला नाही तर 150 डीपीआयवर चालतं, मी 300 देतो, तीच पत्रिका 1748 बाय 2480 होते. अनुस्वार, रफार, वेलांटी सगळं जागच्या जागी. 600 करून पाहिलं, मोबाइलवर फरक दिसेना, फाइल मात्र जड. जेपीजी नको, पीएनजीच घ्या. जेपीजीत लाल अक्षरांच्या कडेला मळ साचल्यासारखं दिसतं. आणि व्हॉट्सॲपला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून टाकलं की ते पुन्हा दाबतंच.

इमेजमॅजिक हे इमेजचं दुसरं सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. तिथे डेन्सिटी, म्हणजे डीपीआयचा आकडा, कमांडमध्ये फाइलच्या नावाआधी लिहावी लागते. मी नंतर लिहायचो आणि पुन्हा 72 चंच मिळायचं. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

तक्रारी आहेत. बटणं नाहीत, काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची. भाच्याने बॅच फाइल करून दिली, ती कमांड आपोआप चालवते, म्हणून निभावलं. छपाईच्या शाईच्या चार रंगांची, सीएमवायके पीडीएफ दिली की कुंकवाचा लाल भलताच भडक येतो, त्यामुळे पत्रिका जिथे बनवतो त्या कोरलमधून स्क्रीनच्या रंगांची, आरजीबी पीडीएफ वेगळी काढतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफला मात्र इलाज नाही. एक काका आजोबांच्या वेळची वंशावळ घेऊन आले, "जरा क्लिअर करून दे रे." पॉपलरमधल्याच पीडीएफइमेजेस या कमांडने पीडीएफच्या आत कोणती इमेज आहे ते पाहिलं, तर स्कॅनच 100 डीपीआयचा. म्हटलं, "काका, मूळ कागद आहे का घरी?" दुसऱ्या दिवशी ते ट्रंकेतून काढून घेऊन आले, घडीवर फाटलेला. मी 600 वर स्कॅन केला.