ब्लेड रनर २०४९: पहिल्याच्या तोडीचा आहे का? (दोन्ही बघितले नसतील तर पुढे वाचू नका, शेवट सांगून टाकलाय)

परवा रविवारी सकाळचे पोहे-जिलबी झाले आणि मी आणि दादा दोन्ही पिक्चर पाठोपाठ बघायला बसलो. आधी १९८२ चा ब्लेड रनर (कारखान्यात बनवलेली माणसं शोधून मारणाऱ्या पोलिसाची गोष्ट), तोही २००७ ची फायनल कट, कारण तेव्हा थिएटरात लागलेल्यात स्टुडिओच्या आग्रहानं हिरोची कॉमेंटरी आणि गोड शेवट घातला होता, ते दोन्ही यात नाही. मग २०१७ चा २०४९. बाहेर इंदूरच्या रामबागेत धो धो पाऊस, पडद्यावर लॉस एंजेलिसमध्येही पाऊस, मस्त जमून आलं.

दादाचं म्हणणं गेली कित्येक वर्षं एकच, पहिला तो पहिला. मला मात्र दुसरा त्याच्या तोडीचा वाटतो आणि एका जागी तर पहिल्याच्याही पुढे जातो.

पहिल्यातला रॉय बॅटी कोणी विसरू शकत नाही हे मलाही मान्य आहे. चारच वर्षांचं आयुष्य देऊन बनवलेला माणूस, आपल्या निर्मात्याकडे जाऊन अजून आयुष्य मागतो, मिळत नाही, आणि शेवटी जो त्याला मारायला आलाय त्या हिरो डेकर्डलाच गच्चीवरून पडताना हात देऊन वर ओढतो. ते शेवटचं बोलणं रुटगर हॉवरनं स्वतः छाटलं आणि पावसातल्या अश्रूंची ओळ स्वतःच्या मनानं घातली, म्हणूनच ते इतकं आतून येतं. दुसऱ्यात असा व्हिलन नाही. अशी माणसं बनवणाऱ्या कंपनीचा मालक, जॅरेड लेटोचा वॉलेस, नुसता अंधारात बसून मोठमोठं बोलतो, आणि त्याचं पुढे काय झालं ते पिक्चर सांगतच नाही, हे मला खरंच खटकलं.

पण दुसऱ्यातला हिरो के, म्हणजे रायन गॉसलिंग! पहिल्यात डेकर्ड माणूस आहे की बनवलेला यावर लोक आजही भांडतात, आणि दुसऱ्यात सुरुवातीलाच कळतं की के बनवलेलाच आहे, म्हणजे जुना प्रश्न पुन्हा घोळत बसायचाच नाही असं दिग्दर्शक डेनी विलनव्हनं ठरवूनच टाकलंय. मग केला वाटायला लागतं की डेकर्ड आणि बनवलेली रेचल यांच्या पोटी जन्माला आलेलं ते एकमेव मूल आपणच, आठवणीतला लाकडी घोडाही खरंच सापडतो, आपण बघणारेही खूश होतो कारण हिरो शेवटी हरवलेला वारसच निघणार याची आपल्याला लहानपणापासून सवय. आणि तेव्हा बंडखोरांची म्होरकी फ्रेसा सांगते की ते मूल मुलगी होतं. रायन गॉसलिंग त्या सीनमध्ये जवळजवळ काहीच करत नाही, तरी माझ्या पोटात खड्डा पडला. पुढे जॉयची ती भली मोठी गुलाबी जाहिरात त्याला 'जो' म्हणते, म्हणजे त्याच्या घरच्या होलोग्राम मैत्रिणीनं, जॉयनं, प्रेमानं फक्त त्याच्यासाठी ठेवलेलं नावसुद्धा फक्त त्याचं नव्हतं. आणि तरीही हा माणूस डेकर्डला वाचवून त्याच्या मुलीपर्यंत नेऊन सोडतो. रॉयनं निदान आधी स्वतःसाठी आयुष्य मागितलं होतं, केनं तेही मागितलं नाही.

अजून एक सीन, वॉलेस डेकर्डसमोर त्याची मेलेली रेचल हुबेहूब उभी करतो, तोच चेहरा, तेच केस, आणि डेकर्ड म्हणतो तिचे डोळे हिरवे होते आणि पाठ फिरवतो. मला वाटतं सीक्वल बनवणाऱ्यांनी ते स्वतःलाच सांगून ठेवलंय, कॉपी नको.

कॅमेरा रॉजर डीकिन्सचा, तेरा नॉमिनेशननंतर चौदाव्यांदा त्यांना ऑस्कर मिळालं ते याच पिक्चरसाठी. केशरी लास व्हेगस बघाच, मे महिन्यात आंधी येते तेव्हा इंदूरचं आकाश भर दुपारी जसं पडतं तसं, फक्त शांत. हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिशचं म्युझिक कुठे कुठे फार अंगावर येतं, पहिल्यातल्या व्हॅन्जेलिसच्या म्युझिकमधला हळवेपणा त्यात नाही. पण के पायऱ्यांवर बर्फात आडवा होतो तेव्हा रॉयच्या मरणाचीच जुनी धून वाजते, आणि दादा तिथे एक शब्द बोलला नाही.

पावणेतीन तासांचा आहे, संथ आहे. २०१७ मध्ये इथल्या एका मल्टिप्लेक्सनं नेमका सीनच्या मधोमध इंटरव्हल टाकून सगळा मूड घालवला होता, म्हणून घरीच बघा, दिवे बंद करून, जरा बऱ्या स्पीकरवर. आणि पहिला न बघता दुसरा अजिबात लावू नका, ती धून ओळखीची नसेल तर शेवट अर्धाच पोचेल.