कोपराचा पट्टा: मांडे करणारीच्या हातावर

मी अमळनेरची, मांड्यांच्या ऑर्डरी घेते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तर खापर थंड होत नाही. यंदा उजव्या कोपराला बाहेरून असा ठणका लागला की भरला तांब्या उचलवेना. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘टेनिस एल्बो’. आमच्या घरात रॅकेट आहे ती फक्त डास मारायची.

पट्टा मेडिकलवरून साडेतीनशेला आणला. खोक्यावरच्या फोटोत तो थेट कोपरावर चढवलाय, आतल्या कागदावर मराठीत एवढंच: ‘हातावर घट्ट बांधा’. हातावर म्हणजे कुठे? खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच की! फिजिओथेरपीच्या ताईंनी माझ्याच हातावर पेनाने खुणा करून दाखवलं. खांदा ते कोपर हा दंड, डॉक्टरी भाषेत ब्रेकियम. कोपर ते मनगट अँटिब्रेकियम. दुखतं ते दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरून उंचवटा लागतो तिथे. पण त्या उंचवट्याला धरून असलेले स्नायू कोपराखालचे, मनगट वर उचलणारे. म्हणून पट्टा उंचवट्यावर नाही, त्याच्या दोन बोटं खाली मांसल भागावर बांधायचा, गादी बाहेरच्या अंगाला. तिथे दाब बसला की वरची ओढ कमी होते. बोटांना मुंग्या आल्या तर सैल करायचा, झोपताना काढायचा.

तसा बांधून कणीक तिंबली, पुरण वाटलं. ठणका बराच कमी वाटला, खोटं कशाला बोलू. पण मांडा हातावर घेतला की ह्याची अडचणच. फिरवत फिरवत मोठा करताना मांडा मनगटावरून पार कोपरापर्यंत येतो, नेमका पट्ट्याच्या जागी. एक तर वेलक्रोच्या कडेला अडकून फाटला, पुरण सगळं चुलीत. वर पीठ वेलक्रोत जाऊन बसतं, ते जुन्या ब्रशने कोरून काढा. त्यामुळे मांडे करताना पट्टा खुंटीला.

शिलाई पक्की आहे, रंग जात नाही. कंपनीने तो फोटो तेवढा बदलावा. पाचपैकी तीन तारे. नुसत्या पट्ट्यावर भागत नाही, पाण्याची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचा व्यायाम ताईंनी दिलाय, तो चालूच आहे.

आणि घेताना कोपराखालचा घेर मोजून न्या. ‘फ्री साइज’ लिहिलंय, पण माझ्या हाताला वेलक्रो जेमतेम टोकाला चिकटतो.