एक्स्टेन्सिव्ह की इंटेन्सिव्ह? यादी घोकू नका, वाटणी करून बघा

बारावीच्या वह्या तपासताना एक चूक मला दरवर्षी भेटते. फेरिक आयनाचं (तीन धन प्रभार असलेल्या लोखंडाच्या अणूचं) फेरस (दोन धन प्रभारांचा) होताना प्रमाण विभव, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत मोजलेलं व्होल्टेज, ०.७७ व्होल्ट, फेरसचं धातुरूप लोखंड होताना उणे ०.४४ व्होल्ट. मग फेरिकचं थेट लोखंड होताना किती? मुलं दोन आकड्यांची बेरीज करतात आणि ०.३३ लिहून मोकळी होतात. खरं उत्तर उणे ०.०४ च्या आसपास आहे. म्हणजे आकडा तर चुकलाच, पण चिन्हही उलटं झालं, आणि अभिक्रिया आपणहून होईल की नाही याचं उत्तरच फिरलं.

ही मुलं अभ्यास न करणारी नसतात. वस्तुमान, आकारमान, एन्थाल्पी (स्थिर दाबाला उष्णतेचा हिशोब ठेवणारी राशी), एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप) एक्स्टेन्सिव्ह, म्हणजे पदार्थाच्या प्रमाणात वाढणाऱ्या, आणि तापमान, दाब, घनता, उत्कलनांक इंटेन्सिव्ह, म्हणजे पदार्थ किती यावर न ठरणाऱ्या, ही यादी त्यांना तोंडपाठ असते. यादीत नसलेली राशी समोर आली की मात्र अडतं. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि ठरवायचं कसं ते शिका, असं मी सांगते.

कसोटी साधी आहे. सगळीकडे एकसारखी असलेली व्यवस्था घ्या, समजा २५ अंशांचं २०० ग्रॅम पाणी. मनातल्या मनात मधोमध पडदा टाका आणि एकाच बाजूकडे बघा. जे निम्मं झालं ते एक्स्टेन्सिव्ह: वस्तुमान १०० ग्रॅम, आकारमान निम्मं, एन्ट्रॉपी निम्मी. जे तसंच राहिलं ते इंटेन्सिव्ह: तापमान २५ अंशच, घनता तीच, अपवर्तनांक तोच. रिचर्ड टोलमन यांनी १९१७ मध्ये हे दोन शब्द रूढ केले, त्यामागचा विचार हाच.

आता लोखंडाकडे परत या. विभव म्हणजे प्रत्येक कूलोंब प्रभारामागे मिळणारी ऊर्जा. पदार्थ दुप्पट घेतला तर ऊर्जाही दुप्पट आणि प्रभारही दुप्पट, भागाकार तिथेच. म्हणून विभव इंटेन्सिव्ह. बेरीज करायची ती गिब्ज मुक्त ऊर्जेची (अभिक्रियेतून कामाला लावता येणाऱ्या ऊर्जेची), कारण ती एक्स्टेन्सिव्ह आहे. तिचं माप इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले विभव या प्रमाणात असतं. पहिल्या पायरीला एक इलेक्ट्रॉन, दुसरीला दोन: ०.७७ अधिक दोन गुणिले उणे ०.४४, म्हणजे उणे ०.११. एकूण तीन इलेक्ट्रॉन, म्हणून तीनने भागा. उणे ०.०३७. इथे हिशोब जुळतो.

यावर हुशार मुलं हमखास विचारतात: मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत सहा घट जोडल्यावर १२ व्होल्ट कसे होतात? प्रश्न मला फार आवडतो. घरची बॅटरी बघा, पाणी भरायची सहा झाकणं दिसतील. प्रत्येक झाकणाखाली सुमारे दोन व्होल्टचा स्वतंत्र घट आहे आणि ते एकामागोमाग माळेसारखे ओवलेले आहेत. ही व्यवस्था मोठी करणं नव्हे, ही जोडणी आहे. एकच घट खरोखर मोठा करायचा तर त्याच्या प्लेटा मोठ्या करा. मग अँपिअर-अवर, म्हणजे साठणारा प्रभार, वाढतील, व्होल्ट दोनच राहतील.

काही जण एककावरून ठरवतात: ‘प्रति’ दिसलं की इंटेन्सिव्ह. ग्रॅम प्रति मिलिलिटर, ज्यूल प्रति मोल इथे हे चालतं. पण उष्माधारकतेचं (तापमान एक अंश वाढवायला लागणाऱ्या उष्णतेचं) एकक ज्यूल प्रति केल्विन आहे आणि ती एक्स्टेन्सिव्ह आहे. १०० ग्रॅम पाण्याची उष्माधारकता ४१८ ज्यूल प्रति केल्विन, २०० ग्रॅमची ८३६. म्हणून नुसतं ‘प्रति’ पाहू नका, प्रति कशाच्या ते पाहा. भागाकारात ग्रॅम किंवा मोल आले की प्रमाणाचा प्रश्न मिटतो: विशिष्ट उष्माधारकता ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन, मोलर ७५.३ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन, पाणी घागरभर असो की चमचाभर. माझ्या मते एककाची कसोटी पडताळणीला बरी, निर्णयाला नको.

अभिक्रियेच्या एन्थाल्पीतही हीच गल्लत होते. एक मोल पाणी तयार होताना उणे २८५.८ किलोज्यूल. समीकरण दुपटीने लिहिलं की उणे ५७१.६. विभव मात्र समीकरण कितीही पटीने लिहिलं तरी बदलत नाही.

दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघायचे असतील तर दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिची ठिणगी हजार अंशांच्या वर असते, तरी हातावर एखादी पडली तर चटका बसतो न बसतो. आणि ६० अंशांच्या पाण्याच्या बादलीत हात घालून बघा, नव्हे, घालूच नका. उष्णता कुठून कुठे वाहणार हे तापमान ठरवतं. किती वाहणार हे ठरवायला पदार्थ किती आहे ते लागतंच. पदार्थ ओळखायचा असेल तर इंटेन्सिव्ह राशी धरा. ऊर्जेचा जमाखर्च मांडायचा असेल तर एक्स्टेन्सिव्ह.

एक सापळा प्रयोगशाळेतला. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी मोजपात्रात एकत्र करा. पातळी १०० च्या रेघेला पोचत नाही, ९६-९७ वर थांबते. वजन मात्र तंतोतंत बेरजेइतकं. मग आकारमान एक्स्टेन्सिव्ह नाही का? आहे. आपण इथे वाटणी केलेली नाही, वेगळे पदार्थ मिसळले आहेत. वेगळ्या रेणूंची एकमेकांशी असलेली ओढ आणि त्यांची रचना बदलली, म्हणून जागा कमी लागली. तयार मिश्रण घेऊन त्याचे दोन भाग करा, आकारमान बरोबर निम्मं होतं.

आणि काही राशी कुठल्याच खान्यात बसत नाहीत, त्यांना बळेच बसवू नका. आकारमानाचं वर्गमूळ घ्या: व्यवस्था दुप्पट झाली की ते १.४१ पट होतं. दोन सारखे थेंब एक झाले की पृष्ठफळ दुप्पट होत नाही, १.५९ पट होतं. मोठ्या भांड्यात पृष्ठभागाचा वाटा नगण्य म्हणून आपली विभागणी चालते. सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण काही नॅनोमीटरचा सोन्याचा कण त्याच्या बऱ्याच खाली वितळतो. तिथे वितळणबिंदूसुद्धा कण केवढा आहे यावर ठरतो.