क्षणात सुचलेली कल्पना की वर्षानुवर्षांची खटपट?

व्यवसायातील नावीन्य एखाद्या बुद्धिमंताला अचानक सुचते, ही समजूत ऐकायला सुरस आहे. त्या तुलनेत चुकतमाकत, अनेक हातांतून पुढे सरकणारी खटपट रुक्ष वाटते, परंतु इतिहास बहुधा तिच्याच बाजूने साक्ष देतो. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये धड घट्ट न चिकटणारा गोंद गवसला, पण त्याला कित्येक वर्षे उपयोगच सापडेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील आर्ट फ्राय यांना स्तोत्रांच्या पुस्तकातून सारख्या निसटणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्यांसाठी तो आठवला, आणि पोस्ट-इट (चिकटवून पुन्हा सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्या) अमेरिकाभर विक्रीस येईपर्यंत १९८० उजाडले. फ्राय यांचा तो क्षण खराच होता (गोष्टीत नेमका तेवढाच उरतो), मात्र आधीचा गोंद हाताशी नसता, तर चिठ्ठ्या खाली पडतच राहिल्या असत्या.