आठ महिने, दोन आहारतज्ज्ञ आणि माझी घरची भाकरी

कराडला राहते, वय ५३, साखर लागून सहा वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ८.६ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवण्याआधी एकदा जेवणाकडे बघून घेऊ. मुलाने पुण्याहून मोबाइलवरच एका कंपनीचं आहार-सल्ल्याचं सहा महिन्यांचं पॅकेज घेऊन दिलं, १२,००० रुपये भरून.

दुसऱ्याच दिवशी तक्ता आला. दुपारी २ पोळ्या किंवा २ भाकऱ्या, १ वाटी भाजी, १ वाटी वरण. ज्वारी साखरेला चांगली म्हणतात म्हणून मी पोळी बंदच केली आणि तीन महिने इमानेइतबारे दोन भाकऱ्या खाल्ल्या. रोज ताटाचा फोटो पाठवायचा, समोरून 'छान' असं उत्तर यायचं. तीन महिन्यांत सल्ला देणाऱ्या तीन वेगवेगळ्या बाई झाल्या, दर वेळी माझी कहाणी पहिल्यापासून. सप्टेंबरात एचबीए१सी ८.४. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले तर 'पॅकेज सुरू झाल्यावर परतावा नाही'. चार वेळा फोन केले, एक रुपया मिळाला नाही. ते ६,००० मला आजही टोचतात.

मग डॉक्टरांनीच एका धर्मादाय रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. फी ३०० रुपये. वेळ घेताना फोनवर त्या म्हणाल्या, "ताई, रोजची वाटी घेऊन या. आणि एका भाकरीला पीठ किती घेता ते काट्यावर बघून या."

मी कोरडं पीठ मोजलं. ९५ ग्रॅम. आमच्याकडे भाकरी ताटभर असते, सासूबाईंच्या हातची तशीच होती आणि माझीही तशीच होते. पोळीचं पीठ मोजलं तर ३० ग्रॅम. म्हणजे माझ्या दोन भाकऱ्या सहा पोळ्यांच्या बरोबरीच्या! ज्वारी असो की गहू, १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं ७० ग्रॅमच्या घरात. तीन महिने मी एका जेवणात १३० ग्रॅम कर्बोदकं पथ्य म्हणून खात होते, आणि माझ्या ताटाचा फोटो रोज बघणाऱ्या एकीनेही 'भाकरी केवढी आहे' हे विचारलं नाही. वाटीचं तेच. त्यांनी मापाने पाणी ओतून दाखवलं, २४० मिली. तक्त्यातली वाटी साधारण १५० ची धरतात.

भाकरी त्यांनी सोडायला लावली नाही, हे मला फार मोठं वाटतं. ४५ ग्रॅम पिठाची छोटी भाकरी, तीही एकच. आधी काकडी-टोमॅटो आणि उसळ संपवायची, भाकरी मागून. जेवणानंतर दोन तासांची साखर २३० वरून तीन आठवड्यांत १६५ च्या आसपास आली. नवरात्रात साबुदाणा मात्र बंद केला. त्यात जवळजवळ नुसतं पिष्टच असतं. त्याऐवजी दही, शेंगदाणे, थोडा राजगिरा.

डिसेंबरात एका संध्याकाळी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मशीनवर ६२. बाईंनी आधीच शिकवून ठेवलं होतं: ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. ८८ आली. रात्रीच त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, "गोळीचं मी ठरवणार नाही, सकाळी डॉक्टरांना गाठा." डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड, म्हणजे माझी साखर उतरवायची गोळी, निम्मं केलं. जेवण कमी झालं तर गोळीही बघावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता पहिल्या कंपनीविषयी. रागाच्या भरात एकच तारा देणार होते, दोन देते. फोटो काढायच्या सवयीमुळे चहासोबतची बिस्किटं सुटली, ते श्रेय त्यांचं. पण त्या तिघींपैकी एकीचं शिक्षण विचारल्यावर काही आठवड्यांचा कोर्स निघाला. पैसे भरायच्या आधी विचारा, रजिस्टर्ड डायटिशियन आहात का? इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन ती नोंदणी मिळते. विचारायला लाजू नका, मी लाजले होते.

रुग्णालयातल्या बाई मंगळवार आणि शुक्रवारीच बसतात, दीड-दोन तास बाकावर थांबावं लागतं, आत मिळतात पंधरा-वीस मिनिटं. त्याचा त्रास होतो. तरी पाच तारे. जानेवारीत एचबीए१सी ७.२ आलं, आणि आजवरच्या पाच फेऱ्यांचे १,५०० रुपये झाले.

पुढची फेरी एप्रिलमध्ये. आंब्याचं विचारायचं आहे. घरचा एक आंबा पिशवीत घालूनच नेणार आहे, त्या काट्यावर ठेवतील.