मालवणात मासे कुठे खावेत: महागडे रेस्टॉरंट की घरगुती खाणावळ?

मालवण-तारकर्ली परिसरात समुद्राकाठच्या महागड्या सी-फूड रेस्टॉरंटात जेवावे की गावातल्या घरगुती खाणावळीत, हे बहुतेक पर्यटक दरपत्रक पाहून ठरवतात. माझ्या मते आधी मासा ठरवावा, कारण काही मासे खाणावळीतच खाण्याजोगे असतात आणि काहींसाठी जादा पैसे मोजणे रास्त असते.

बांगडा आणि तारली हे तेलकट मासे फार लवकर उतरतात, त्यामुळे ते आणले त्याच दिवशी संपवणे बरे, आणि चांगली खाणावळ याच हिशेबाने चालते. सकाळी रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) किंवा लिलावात जे मिळाले तेच दुपारी ताटात येते. तिरफळ हा मसाला घातलेले बांगड्याचे तिखले (दाट, तिखट कालवण), तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, तांदळाची भाकरी आणि शेवटी सोलकढी हे जेवण वातानुकूलित दालनात दुप्पट पैसे देऊनही त्या चवीचे मिळेलच असे नाही. खाणावळीत कालवण बहुधा पुन्हा वाढले जाते, ही बाबही हिशेबात धरावी. मात्र उशिरा गेल्यास मासा संपलेला असतो, सोमवारी, गुरुवारी किंवा संकष्टीला चूल शाकाहारी असू शकते, आणि दहाबारा जणांनी न कळवता जाणे यजमानांवर अन्याय आहे. म्हणून सकाळीच फोन करावा.

रेस्टॉरंटची बाजू भक्कम होते ती मोठे अख्खे पापलेट, जाड तुकड्यांची सुरमई, खेकडे आणि शेवंड (लॉबस्टर) यांच्या बाबतीत. सुरमई बर्फात बांगड्यापेक्षा चांगली टिकते, आणि अख्खा मोठा मासा तंदुरात भाजण्याची सोय खाणावळीत सहसा नसते. (खाणावळीच्या थाळीत बसणारे तळहाताएवढे पापलेट मी तरी मागवत नाही, रुपेरी पापलेटाला २०२३ मध्ये राज्य मासा घोषित केल्यावर त्याची पिल्लेच तळून खाणे बरे दिसत नाही.) दरपत्रकात रकमेऐवजी ‘आकारानुसार’ असे छापलेले असेल, तर मासा कच्चा असताना समोर मागवावा, कल्ले लाल आणि डोळे फुगीर आहेत का ते पाहावे, आणि वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, हे विचारूनच होकार द्यावा. खेकड्याच्या वजनात कवचाचा वाटा मोठा असतो, हे विसरू नये. ताजा मासा लोणी-लसणाच्या दाट सॉसमध्ये बुडवून मागवणे म्हणजे ताजेपणासाठी मोजलेले पैसे वाया घालवणे. साधा रवा लावून तळलेला किंवा नुसता भाजलेला मागवावा.

जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात रेस्टॉरंटातला मोठा मासा बहुधा शीतगृहातला असतो, तर खाणावळीत खाडीचे मासे किंवा सुकट आणि सुके बांगडे मिळतात. पावसाळ्यात निवड करायची झाल्यास मी निःशंकपणे खाणावळीकडे वळेन.

बिलातही फरक पडतो. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के असतो. पण ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर गेले होते, तेथील रेस्टॉरंटात तो १८ टक्के लागतो, म्हणजे ४,००० रुपयांच्या जेवणावर ७२० रुपये. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि जोडलेले आढळल्यास काढून टाकण्यास सांगता येते.