बी४५, ५आरव्ही लायर की एम३०? बँडमधून ऑर्केस्ट्रात जाणाऱ्या क्लॅरिनेटवाल्यासाठी

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत आणि लग्नाच्या वरातीत ढोल-ट्रम्पेटच्या वर सूर काढायची सवय झालेला सोलापूरचा क्लॅरिनेटवाला सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला निघाला, की माउथपीसचा, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या टोकाचा, विचार नव्याने करावा लागतो. तिथे मोठ्या आवाजापेक्षा हळू सुरू होणारा स्वर महत्त्वाचा.

यामाहाचा ४सी असेल तर शिकायला उत्तम. टिपची फट (माउथपीसचं टोक आणि रीड, म्हणजे थरथरणारी वेताची पातळ पट्टी, यांच्यातलं अंतर) १.०५ मिमी, सूर जागेवर. मोठ्या सभागृहात मात्र आवाज जरा पातळ पडतो.

पुढची निवड व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीच्या माउथपीसमधून. बी४५ची फट १.१९५ मिमी. अडीच-तीन नंबरच्या रीडवर (नंबर मोठा तितकी रीड कडक) दणदणीत वाजतो, मिरवणुकीत तोच हवा. ऑर्केस्ट्रातही तो वाजवणारे आहेत, पण अगदी बारीक आवाजात वरचा स्वर धरायचा तर ओठांचा कस लागतो.

५आरव्ही लायर १.०९ मिमीचा. मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधल्या स्केर्झोसारख्या तुकड्यात, जिथे जीभ चटचट चालावी लागते, तिथे तो साथ देतो. रीड साडेतीनच्या आसपास लागते. बँडच्या फुंकीला तो सुरुवातीला कोंडल्यासारखा वाटेल.

म्हणून माझं मत एम३०ला. फट १.१५ मिमी, फेसिंग (माउथपीसचा रीडपासून वळत दूर जाणारा भाग) लांब. रॅखमॅनिनॉफच्या दुसऱ्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागातला लांबलचक सोलो याच्यावर गोल, भरीव येतो, आणि बी४५वरून येणाऱ्याला फुंक फारशी बदलावी लागत नाही.

पारखताना जुनी रीड तशीच लावू नका. फट लहान झाली की रीड कडक लागते. मऊ रीडवर चांगला माउथपीसही चिरका वाटतो. दुसरं, मे महिन्यात भर दुपारी ट्यूनर लावून बसू नका. हवा तापली की क्लॅरिनेटचा सूर चढतो आणि दोष माउथपीसच्या माथी जातो. सकाळी तपासा. ऑर्केस्ट्रात ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झवर लावतात की ४४२वर, तेही विचारा: ४४०साठी हेच नमुने ‘१३’ मालिकेत, थोडा उतरता सूर ठेवून मिळतात.

एबोनाइट (माउथपीसचं कडक रबर) उन्हात हिरवट पडतं आणि कढत पाण्याने त्याचा आकार बिघडतो, तेव्हा धुवायला कोमट पाणीच.

घरखर्च लग्नसराईवर चालत असेल तर बी४५ विकू नका. दोन्ही बाळगा, फक्त रीडचे डबे वेगळे ठेवा.